स्वतःची गोष्ट सांगणारा शिक्षक
(साने गुरुजींच्या कथनपद्धतीचा शालेय दृष्टीने अभ्यास)

जून महिन्यात शाळा उघडतात तेव्हा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पुष्कळ वर्गांत दोन प्रकारची मुले एकाच बसकरपट्टीवर शेजारी शेजारी बसलेली आढळतात. काही मुले वर्षभर गावात राहिलेली असतात. काही दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडी, कल्याण, वसईकडील वीटभट्ट्यांवर गेलेली व पावसाच्या तोंडाशी परत आलेली असतात. हजेरीपत्रकात या दुसऱ्या मुलांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची लांबच लांब ओळ असते. त्या ओळीच्या अवधीत मुलाने काय पाहिले, काय सोसले, कोणाला गमावले, हे लिहिण्यास हजेरीपत्रकात रकाना नाही. हंगामी वसतिगृहांच्या योजनेमुळे काही मुले गावी राहतात हे खरे. परंतु तीही कित्येक महिने आईवाचून राहिलेली असतात. याखेरीज भातसा धरणात ज्यांची जमीन गेली त्यांची नातवंडे आपल्या वर्गांत आहेत. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईस जाते आणि वैशाखात आपल्याच पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत बसतात, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.

अशा वर्गापुढे शिक्षकाने कोणती गोष्ट सांगावी, हा या लेखाचा विषय आहे.

गोष्टींची आपल्याकडे वाण नाही. दर वर्षी २ जानेवारीस मुरबाड तालुक्यातील शाळांतून सिद्धगडची कथा सांगितली जाते. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना १९४३ साली त्याच दिवशी सिद्धगडच्या रानात वीरमरण आले. ही कथा प्रत्येक मुलाने ऐकलीच पाहिजे. परंतु शौर्याची कथा मूल मान वर करून ऐकते. तो डोंगर उंच, ते पुरुष थोर; आपण खाली. ज्या मुलाच्या मनात काही सलत आहे त्याला मान वर करावयास लावणारी कथा नेहमीच उपयोगी पडते असे नाही. त्याच्या शेजारी येऊन बसणारी कथा निराळी असते, आणि ती बहुधा सांगणाऱ्याची स्वतःची असते.

स्वतःचे दुःख दहाजणांत सांगावे, आणि ते सांगितल्याने सांगणाऱ्याचे व ऐकणाऱ्यांचे मन हलके व्हावे, ही गोष्ट मराठी माणसास नवी नाही. तुकाराम महाराजांनी १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, बुडालेला व्यापार, अन्नावाचून गेलेली पत्नी हे सर्व आपल्या अभंगांत सांगितले आहे. संत बहिणाबाईंनी तर नवऱ्याच्या मारझोडीपर्यंत सारे आत्मनिवेदन केले. मात्र कीर्तनाच्या रूढ रचनेत पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात पुराणातील किंवा संतचरित्रातील आख्यान असे असते. कीर्तनकार स्वतः त्या आख्यानात क्वचितच येतो. या रीतीत वावगे काही नाही. पण एका शाळामास्तराने उत्तररंगाच्या जागी आपल्या घरातील चूल, आपला भित्रेपणा आणि आपल्या बापाचे कर्ज आणून ठेवले, आणि त्या आख्यानाने उभ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांना पाणी आणले. ते मास्तर म्हणजे पांडुरंग सदाशिव साने.

गुरुजींचे चरित्र आपणां सर्वांस ठाऊक आहे, म्हणून ते येथे विस्ताराने देत नाही. २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगड येथे त्यांचा जन्म झाला. घराणे खोताचे, एके काळी संपन्न, पुढे कर्जात बुडालेले. १९१७ च्या नोव्हेंबरात आई गेली, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. अखेरची भेट झाली नाही. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाजवळ रात्र काढणे ही कामे ते आपणहून करीत. रोज रात्री स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून सकाळी मुलांना वाचावयास ठेवीत. छापखाना नाही, निधी नाही, वरून आलेला आदेश नाही. आजच्या भाषेत आपण ज्यास उपक्रम म्हणतो, त्याचे हे शुद्ध स्वरूप होय. १९३० साली त्यांनी नोकरीचा राजीनामा देऊन सत्याग्रहात उडी घेतली, तथापि त्यांचा शिक्षकी पेशा काही सुटला नाही. वर्ग तेवढा तुरुंगात भरू लागला.

‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीस संपविले. आई जाऊन पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. शिक्षकाने हा काळ लक्षात ठेवावा. दुःख ताजे असताना ते सांगितले गेले असते तर त्याचा आक्रोश झाला असता. पंधरा वर्षांत त्या दुःखाची गोष्ट झाली. जखम भरून आली होती, खूण मात्र राहिली होती, आणि ती खूण दाखविता येत होती. ज्या शिक्षकाच्या मनातील जखम अद्याप वाहत आहे त्याने ती वर्गापुढे उघडू नये. मुले घाबरतात, किंबहुना आपल्या गुरुजींना सांभाळण्याचे ओझे आपल्यावर आले असे त्यांस वाटू लागते. ज्यांच्या घरी आधीच हे ओझे आहे त्या मुलांवर शाळेने त्याची भर घालणे योग्य नव्हे.

आता पुस्तकाच्या रचनेकडे पाहू. पुस्तकाचे भाग प्रकरणांऐवजी रात्रींनी मोजले आहेत. बेचाळीस रात्री आहेत. आश्रमात सायंप्रार्थना होते आणि त्यानंतर श्याम आपल्या सोबत्यांना आपल्या आईची एक आठवण सांगतो. हळूहळू गावातील माणसेही येऊन बसू लागतात. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, बैठक वर्तुळाची. एका रात्री एकच गोष्ट. ऐकणाऱ्यांना उद्या पुन्हा यावयाचे आहे हे ठाऊक असते, त्यामुळे कोणीही घाईने सारे सांगून टाकीत नाही व कोणीही सारे एकदम विचारीत नाही. मन मोकळे होण्यास ही ठराविकता फार आवश्यक असते. आपल्याकडे विशेष दिनी एक विशेष कार्यक्रम होतो, छायाचित्रे काढली जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याचे नावही राहत नाही. अशा एका दिवसाच्या कार्यक्रमापेक्षा आठवड्यातून एक दिवस, त्याच वारी, शेवटच्या तासास दहा मिनिटे, हे कितीतरी अधिक.

दुसरी गोष्ट अशी की श्याम आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगत नाही. तो पोहावयास भिऊन लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. तो पुस्तकाच्या लोभाने पैसे चोरतो. अळणी भाजीच्या प्रसंगात तर तो नुसता साक्षी आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते, वडील एका शब्दाने न बोलता जेवतात, मुलेही तसेच जेवतात आणि आईला ते स्वतः जेवावयास बसल्यावर कळते. या प्रसंगात घडते काय? वस्तुतः काहीच नाही. तरी कोणत्याही घरात, कोणत्याही झोपडीत, मूल ही गोष्ट ऐकून आपल्या घरातील जेवणाकडे पाहू लागते. शिक्षकाने हे ध्यानात घ्यावे की स्वतःची गोष्ट म्हणजे स्वतःच्या पराक्रमाची गोष्ट नव्हे. मी किती कष्टातून शिकलो, रस्त्यावरच्या दिव्याखाली कसा अभ्यास केला आणि आज कसा येथवर पोहोचलो, ही कथा आपल्या व्यवसायात फार चालते. ती ऐकून नापास झालेले मूल आणखी खाली मान घालते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. एक वृद्ध महार स्त्री लाकडांची मोळी घेऊन चालली असता मोळी खाली पडते. ती पुन्हा डोक्यावर देण्यास कोणी पुढे होत नाही, कारण स्पर्श झाला तर विटाळ होईल. आई श्यामला पाठविते. मात्र घरी आल्यावर स्नान करण्यासही ती सांगते. गुरुजींना हे लिहिताना स्नानाचा भाग गाळता आला असता. आई अधिक उजळ दिसली असती आणि आजच्या वाचकालाही बरे वाटले असते. त्यांनी तो गाळला नाही. आईने अर्धे पाऊल टाकले होते. तेवढेच त्यांनी सांगितले. आपली माणसे जेवढी चांगली होती तेवढीच चांगली सांगणे हे आत्मकथनाचे सत्त्व होय, आणि गावाच्या जखमा अशाच सांगण्याने उघड्यावर येतात. ज्याच्या घरात विटाळ पाळला गेला त्याने तो पाळला गेला असे सांगावयाचे, म्हणजे ज्याला विटाळ मानले गेले त्याला निदान आपले सांगणे खोटे ठरणार नाही एवढी खात्री मिळते.

उरलेले अर्धे पाऊल मुलाने टाकले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, गावोगाव बोलले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले व मंदिराचे दार उघडले. लहानपणी उचलू लागलेली मोळी आणि हे दार यांच्यामध्ये उभे आयुष्य गेले आहे. तरी हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून सातवी-आठवीच्या वर्गात अवश्य सांगावेत. आपल्याकडे मंदिरे उघडली, विहिरी उघडल्या. पण पाड्यावरची मुले आणि गावठाणातील मुले माध्यान्ह भोजनाच्या वेळी कशी बसतात हे शाळेत जाणाऱ्या अधिकाऱ्यास दिसते, आणि ते शिक्षकास रोजच दिसत असते.

या पुस्तकावर भावविवशतेचा आक्षेप फार जुना आहे. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. काही रात्री अश्रूंनी जड झाल्या आहेत आणि आजच्या मुलांना सलग वाचून दाखविल्यास ती कंटाळतात. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली या पुस्तकावर काढलेल्या चित्रपटास पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. तोही मुलांना दाखवावा, पण तुकड्यातुकड्याने. (अत्रे हेही मूळचे शिक्षक, हे आपल्या व्यवसायास विसरून चालणार नाही.) मात्र आक्षेप घेणारे एक पाहत नाहीत. या गोष्टींत रडण्यानंतर काहीतरी करावयाचे असते. मोळी उचलावयाची असते, विहिरीत उडी टाकावयाची असते, चोरी कबूल करावयाची असते. हात हलल्यावाचून बहुतेक गोष्ट संपत नाही. दुःख सांगून झाल्यावर हातांना काम मिळाले की मन सावरते, हे कोणत्याही घरातील म्हातारी सांगेल. सुतकाच्या घरीही कोणी पाणी भरते, कोणी लाकडे फोडते.

कथा सांगणाऱ्याच्या कीर्तीमुळे त्याच्या ऐकण्याकडे आपले दुर्लक्ष होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली, त्या वेळी ती ऐकून उतरून घेणारे साने गुरुजी होते. आज ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्या हाती आहे तो त्यांच्या ऐकण्यामुळे. नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आपली गोष्ट सांगितली ती त्यानंतर. शिक्षकासही हाच क्रम लागू आहे. ज्याला ऐकण्याची सवय नाही त्याने आत्मकथन करावयास घेतले तर ते बहुधा भाषण होते.

शहापूर तालुक्यातील डोंगराकडच्या एका दोन-शिक्षकी शाळेत काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली हकीकत येथे देतो. गावाचे व व्यक्तींचे नाव देण्याचे कारण नाही. तेथील शिक्षक स्वतः लहानपणी आईबापांबरोबर भट्टीवर जात असत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिसरी-चौथीच्या मुलांना आपली गोष्ट सांगितली. पहाटे अंधारात उठून बाप गारा तुडवी, आई साच्यातून विटा पाडी, आणि ऊन चढले की त्या विटा उलथून ठेवण्याचे काम आपल्याकडे असे. शनिवारी मिळणाऱ्या खर्चीतून एकदा गुळाचा खडा मिळाला होता. आणि शाळेत परत आल्यावर आपल्या पट्टीवरील जागा दुसऱ्याने घेतली होती, फळ्यावरील अक्षरे ओळखता येईनात. सर्वांत अधिक काय बोचले, तर सर्वांदेखत विचारलेला एक प्रश्न, की इतके दिवस होतास कुठे? एवढे सांगून ते थांबले. मुलांना प्रश्न विचारले नाहीत, तात्पर्यही सांगितले नाही. लेखक वर्गात मागे बसला होता. त्याला प्रथम वाटले की पाठ अपुरा राहिला.

त्या दिवशी कोणीही बोलले नाही. चारपाच दिवसांनी, भट्टीवरून आल्यापासून वर्गात तोंड न उघडलेली तिसरीतील एक मुलगी शाळेचे अंगण झाडताना त्या शिक्षकांजवळ येऊन म्हणाली, “गुरुजी, आमचा बाळू तिकडंच राहिला.” तिचा सव्वा वर्षाचा भाऊ तापाने भट्टीवर गेला होता आणि तेथेच त्याला पुरले होते. बापाने घेतलेला बयाणा फिटावयाचा असल्यामुळे घरी परत येता आले नव्हते. दहाव्याला पाड्यावरचे कोणी नव्हते. मुलीला वाटत होते की बाळू मेला हे आपल्या पाड्यातील लोकांना अजून नीट कळलेच नाही.

शिक्षकांनी हे वर्गात सांगितले नाही. मुलीला शाबासकी दिली नाही, तिला जवळ घेऊन ते रडलेही नाहीत. त्यांनी तिला विचारले, बाळूला काय आवडे? ती म्हणाली, केरसुणी ओढणे. मग दोघांनी मिळून उरलेले अंगण झाडले. संध्याकाळी ते पाड्यावर गेले व त्या घराच्या ओट्यावर बसले. हळूहळू शेजारची माणसे आली, आईने सारे सांगितले आणि भट्टीवरील मूल गेलेल्या आणखी एका घरातील म्हातारीनेही आपले सांगितले. पुढील दोन-तीन संध्याकाळी ती माणसे अशीच बसली. त्यानंतर अंगणवाडी सेविका व आरोग्य केंद्रातील परिचारिका यांच्याशी बोलून, भट्टीवर जाणाऱ्या मुलांच्या लसीची कार्डे आईजवळ राहतील आणि तेथील जवळचे आरोग्य केंद्र कोणते हे जाण्यापूर्वीच विचारून ठेवले जाईल, एवढी व्यवस्था पाड्यानेच केली. मुलगी वर्गात बोलू लागली ती श्रावणात. तिने प्रथम जे लिहिले ते बाळूविषयी नव्हते. गुळाच्या खड्याविषयी होते.

ही हकीकत वाचून कोणी उद्याच आपल्या वर्गात मुलांना उभे करून ‘आता तुमचे दुःख सांगा’ म्हणेल, अशी भीती वाटते. तसे मुळीच करू नये. सांगणे हा मुलाचा अधिकार आहे, आणि न सांगणे हाही. शिक्षकाने आपली गोष्ट सांगावी आणि दार उघडे ठेवावे. मूल बोलले तर एकट्याने बोलले असेल ते एकट्यापुरते राहावे. स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाच्या हलाखीवर नाटिका बसवून तिच्यातील भूमिका त्यालाच देणे, पाहुण्यांपुढे त्याला उभे करणे, त्याचे छायाचित्र गटावर पाठविणे, हे प्रकार चांगल्या हेतूने होतात; त्यामुळे होणारा अपमान काही कमी होत नाही.

भाषेविषयीही दोन शब्द. कातकरी, ठाकर, वारली मुलाने आपली गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. ती चालू असता शुद्ध रूपे सुचवू नयेत. व्याकरणासाठी दुसरा तास आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे जावी, या विचाराने तेथे पाड्यातील अंगणातच अंगणवाडी भरली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांना तेराव्या वर्षी वैधव्य आले होते. पुढे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी आपले आयुष्य साध्या भाषेत, कोठेही कींव न मागता सांगितले आहे. आपल्या शिक्षकभगिनींनी ते पुस्तक मिळवून वाचावे. मोठ्या लेखकाच्या शैलीने दबून जाणाऱ्यांना त्याने धीर येईल.

काही गोष्टी ऐकून थांबता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे कळल्यास बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. गुप्तता पाळण्याचे वचन मुलाला आधी देऊन ठेवू नये. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक शाळेच्या दर्शनी भागी लिहावा. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, स्वतःला इजा करीत असेल किंवा मरणाचे बोलत असेल तर ते गोष्टीने बरे होईल या समजुतीत राहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर बोलावे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. हे सर्व पालकांना विश्वासात घेऊन करावे, अपाय घरातूनच होत असेल तर मात्र नव्हे.

गुरुजींच्या चरित्राचा अखेरचा भाग आपण वर्गात सांगत नाही, पण शिक्षकांच्या अभ्यासात तो टाळता कामा नये. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यावर अनेकांनी अनेक कारणे लिहिली आहेत. येथे त्यांत शिरण्याचे प्रयोजन नाही. एवढे मात्र दिसते की ज्याने हजारोंना रडू दिले आणि सावरले, त्याचे स्वतःचे सावरणे त्याला त्यातून मिळाले नाही. दुसऱ्याचे ऐकणारा मनुष्य ते घेऊन घरी जातो. एका हंगामात चार घरांच्या ओट्यावर बसलेल्या शिक्षकाला रात्री झोप येत नसेल तर तो दुबळा आहे असे नव्हे. त्याचेही कोणीतरी ऐकले पाहिजे, आणि १४४१६ हा क्रमांक त्याच्यासाठीही आहे.

यास्तव केंद्रप्रमुखांना अशी विनंती आहे की दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास यासाठी राखून ठेवावा. माहिती भरण्याची कामे आधी किंवा नंतर आटोपावीत. ‘श्यामची आई’तील एक रात्र कोणी एकाने वाचावी आणि मग ज्याला वाटेल त्याने आपली एक आठवण सांगावी; पाच मिनिटांपेक्षा अधिक नको. मुलांची नावे घेऊ नयेत. एखाद्याने काहीच सांगितले नाही तरी चालेल. तो ऐकत असतो. पहिल्या एक-दोन परिषदांत कदाचित पराक्रमाच्याच कथा निघतील. त्यांचाही ओघ ओसरतो, धीर धरावा. शाळेत हा तास कोणत्या वारी ठेवावा, गोष्ट ओट्यावर सांगावी की झाडाखाली, मुलांना पट्टीवर बसवावे की वर्तुळात, हे ज्याने त्याने आपल्या शाळेकडे पाहून ठरवावे. या उपक्रमाचा कोणताही तक्ता, अहवाल किंवा छायाचित्र तालुका कार्यालयाकडे पाठवावयाचे नाही.